लकवा मारला तर काय करायचं? पहिल्या मिनिटापासून घरच्या बाजेपर्यंत

बाबांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळत होता. बशी डाव्या हातात होती, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. आईनं पदरानं हनुवटी पुसली, त्यांनी पुन्हा घोट घेतला, पुन्हा चहा गळला. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण तोंडातून नुसता आवाज निघत होता. "वारं लागलं," काका म्हणाले आणि एरंडाच्या पानांचा शेक सुरू झाला. दुपारी गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. रात्री कुणीतरी म्हणालं, "आता राती कुठं नेता, सकायी पाहू." सकाळी नेलं तेही लकव्याची जडीबुटी देणाऱ्याकडे. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. उजव्या हाताची मूठ शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली.

मी तेव्हा नववीत होते. पुढे नर्स झाले आणि कितीतरी वर्षं लकव्याचेच पेशंट सांभाळले. त्या दिवशी आमच्या घरी कुणी हयगय केली नव्हती. काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं, एवढंच. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातल्या प्रत्येक मृत्यूचं कारण नोंदवलं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्यानं झालेले निघाले. इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. आणि लकव्यानं गेलेल्या दर शंभरातली ८७ माणसं घरीच गेली.

हा वाऱ्याचा नाही, मेंदूचा आजार आहे

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, ब्रेन स्ट्रोक ही एकाच दुखण्याची नावं. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासं होतं किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू लुळी पडते, आणि बहुतेकांची वाचाही डाव्या मेंदूतच असते. बाबांचा उजवा हात आणि बोलणं एकदमच का गेलं, हे मला कॉलेजात हा धडा शिकताना कळलं. हातापायाला कितीही तेल चोळलं तरी बिघाड डोक्यात आहे, तिथं ते पोचत नाही.

ओळखायचं कसं

'अचानक' हा शब्द धरून ठेवा. आत्तापर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला एकाएकी काही झालं तर तीन गोष्टी करायला सांगा. दात दाखवायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा, एक हात खाली घसरतो का पाहा. मग एक साधं वाक्य म्हणून घ्या, "आज वावरात कापूस वेचायला पाच बाया आल्या." शब्द जड येतात का, भलतेच येतात का, की तुम्ही काय म्हणता तेच त्याला कळत नाही? तिन्हींपैकी एक जरी बिघडलेलं असलं तरी लकवा समजून निघायचं.

याशिवाय एका डोळ्याची किंवा एका बाजूची नजर अचानक जाणं, उभं राहता न येण्याइतका तोल जाणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात उसळणं, हीसुद्धा लकव्याचीच लक्षणं असू शकतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या लकव्यात कधीकधी हातपाय चालू राहतात, फक्त चक्कर, उलटी आणि लटपटणं दिसतं. अशा माणसाला 'पित्त झालं' म्हणून झोपवून ठेवलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दुखत मात्र बहुधा काहीच नाही, आणि तिथंच घात होतो. छातीत दुखलं की घर धावतं. हात लुळा पडला की घर म्हणतं, थोडं पडून राहा, येईल ताकद.

आपल्याकडे आणखी काही गोष्टींत गफलत होते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ऊन लागलेला माणूसही बरळतो, कोसळतो. त्याचं अंग भट्टीसारखं तापलेलं असतं, पण सहसा एकच बाजू लुळी पडत नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, लाळ, उलट्या होत असतील आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील तर विषबाधेचा विचार करा. डायबेटीसच्या पेशंटची साखर एकदम उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचून बघा. ही तिन्हीसुद्धा दवाखान्याचीच कामं आहेत, त्यामुळे नक्की काय झालं याचा वाद ओसरीवर घालू नका. गाडीत बसल्यावर बोला.

पहिली पंधरा मिनिटं

आधी घड्याळ बघा. लक्षणं कधी दिसली त्यापेक्षा माणूस शेवटचा नीट कधी होता, हे डॉक्टरला हवं असतं. पहाटे उठल्यावर हात लुळा दिसला तर रात्री झोपताना ठीक होता ती वेळ सांगायची. ती वेळ पेनानं हातावर लिहा. गडबडीत पाच माणसं पाच वेळा सांगतात, आणि पुढचे सगळे उपचार त्या एका आकड्यावर ठरतात.

मग १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. "लकवा आहे, अमुक वाजेपर्यंत माणूस ठीक होता," एवढं आधी सांगा, गावाची खूण नंतर. गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर गावातली चारचाकी काढा. कुणाच्या दारात कोणती गाडी आहे आणि रात्री कोण चालवेल, हे आजच ठरवून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. दोघांच्या मधे मोटरसायकलवर बसवून नेऊ नका. मान पडते, उलटी श्वासनळीत जाते. गुंगी किंवा उलटी असेल तर एका कुशीवर निजवा, कवळी काढा, गळ्याभोवतीचं सैल करा.

आता काय करायचं नाही ते सांगते, कारण बिघडतं ते इथंच. तोंडात काहीही घालू नका. पाणी, चहा, साखर, औषध, तुळशीचा रस, काही नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात, घोटभर पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. बीपीची गोळी देऊ नका. त्या वेळी वाढलेलं बीपी पुष्कळदा मेंदूच्या उपाशी भागाला रक्त पोचवत असतं, ते एकदम पाडलं तर लकवा वाढतो. जिभेखाली गोळी फोडण्याची रीत तर कायमची बंद व्हायला हवी. ॲस्पिरिनही नको, हार्ट अटॅकचा नियम इथं लागू नाही. आत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिननं तो वाढेल. गावात सलाईन लावून अर्धा तास घालवू नका, आणि साखर उतरलेली नसेल तर ग्लुकोजचं सलाईन तर मुळीच नको. बोटं, कान सुईनं टोचून रक्त काढल्यानं काही होत नाही. कबुतराचं रक्त चोळूनही होत नाही. त्यात जातो तो वेळ.

सोबत आधार, रेशन कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाईल घ्या. घटना बघितलेला माणूस आणि सही करायचा निर्णय घेणारा माणूस, दोघंही गाडीत हवेत. इंजेक्शन तयार आहे आणि मोठा मुलगा बाजारातून यायचा आहे म्हणून सगळे थांबलेत, असं डोळ्यांसमोर झालेलं मला आजही आठवतं.

कुठे न्यायचं

जवळ कुठलं, हे बघून भागत नाही. जिथं सीटी स्कॅन चालू आहे आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं तिथं जायचं. वाटेतूनच फोन करा आणि हे दोनच प्रश्न विचारा. नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं ही आपल्या विदर्भातली मोठी ठिकाणं. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो, हे मला कळतं. म्हणून तर दूरच्या गावांनी घरातला एकेक तास वाचवायचा, रस्त्यावरचा आपल्या हातात नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिथं लागू आहे का, ते पोचताच आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या या योजनेच्या माणसाला विचारा. मात्र पैशांचा विचार करत फाटकाशी थांबू नका.

दवाखान्यात काय होतं, आणि लकव्याचे प्रकार

पोचताच साखर, बीपी, ईसीजी आणि डोक्याचा सीटी होतो. सीटीचं पहिलं काम म्हणजे आत रक्त सांडलंय का हे सांगणं. वरून बघून गुठळीचा लकवा आणि रक्तस्रावाचा लकवा कुणालाच ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. आणि एक गोष्ट नातेवाइकांना हमखास गोंधळात टाकते. गुठळीच्या लकव्यात पहिल्या काही तासांचा सीटी अगदी नॉर्मल दिसू शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे" याचा अर्थ "लकवा नाही" असा नाही, आत रक्त नाही, एवढाच.

सगळ्यांत जास्त आढळतो तो गुठळीचा लकवा. रक्तवाहिनी बंद असते तोवर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. माणूस शेवटचा ठीक होता त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन देता येतं. साडेचार तास आहेत म्हणून निवांत राहू नका, तासाभरात दिलेलं आणि चार तासांनी दिलेलं यात पुष्कळ फरक पडतो. यात धोका आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या साधारण सहांना मेंदूत रक्तस्राव होऊन त्रास झाला. तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे असणारे इंजेक्शनवाल्यांतच जास्त होते. सही मागितली की हे दोन्ही लक्षात ठेवा. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात. हे सहा तासांत, आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत करतात. वेळ टळली तरी दवाखाना टाळायचा नाही. ॲस्पिरिन, मेंदूची सूज, गिळणं, ताप, साखर सांभाळण्यानंही जीव वाचतात.

दुसरा रक्तस्रावाचा. बहुधा वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीनं वाहिनी फुटते. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भराभर गुंगीत जातो, पण हे सगळं नसलं तरी रक्तस्राव असू शकतो. इथं बीपी लवकर आणि बेतानं, बहुतेकदा वरचा आकडा १४० च्या आसपास आणतात, रक्त पातळ करणारी औषधं बंद करतात, काहींना ऑपरेशन लागतं. विजेसारखी डोकेदुखी आणि मान ताठ असेल तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त गेलेलं असू शकतं. बहुतेक वेळा त्याचं कारण वाहिनीवरचा फुगा असतो, आणि तो बंद न केल्यास पुन्हा फुटतो.

तिसरा येऊन गेलेला लकवा. दहा मिनिटं हात लुळा पडला, बोलणं अडखळलं आणि सगळं परत ठीक. घरचे देवाचे आभार मानतात आणि कामाला लागतात. मी मात्र अशा पेशंटला सगळ्यांत जास्त घाबरते. मोठा लकवा येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. त्याच दिवशी दवाखाना.

तरुणांचे दोन प्रकार विदर्भात ध्यानात ठेवायलाच हवेत. बाळंतपणानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बाईचं डोकं सतत दुखतंय, दिवसागणिक वाढतंय, मग झटके येतात किंवा हात लुळा पडतो. अशा वेळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी असू शकते. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची जुनी रीत इथं घातक ठरते, तिला भरपूर पाणी द्या. हा प्रकार वेळेत ओळखला तर बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. दुसरा सिकलसेलचा. पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ऐकू येतो. सिकलसेलच्या मुलाचा हात अचानक जड झाला, ते लंगडायला लागलं, तर दुखणं नेहमीचं समजू नका. लहान मुलांनाही लकवा मारतो. त्याला रक्त द्यावं लागतं, पुढंही ठरावीक काळानं द्यावं लागू शकतं.

सुट्टी होताना कार्डावर एक वाक्य ठळक लिहून मागा, "गुठळीचा लकवा" की "रक्तस्रावाचा लकवा". पुढची सगळी औषधं यावर बदलतात. शेजारच्याला चालली म्हणून रक्त पातळ करायची गोळी तुमच्या माणसाला चालेलच असं नाही.

घरी आल्यावर

इथून खरं काम आपल्या हातात येतं. दोरीची बाज बाजूला ठेवा, तिला झोळ पडतो आणि पेशंटचं कंबरडं आत जातं. लाकडी दिवाण किंवा तख्त, त्यावर चांगली भरलेली कापसाची गादी. दिवाण असा लावा की येणारे-जाणारे पेशंटच्या लुळ्या बाजूनं येतील. काही पेशंट ती बाजू विसरतातच, ताटातला अर्धा भात त्यांना दिसत नाही. म्हणून बसायचं, बोलायचं, हात धरायचा तो लुळ्या बाजूनं.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही. आमच्या आईला लिहिता येत नव्हतं. ती दाराच्या फळीवर खडूनं रेघ मारायची. डावीकडे वळवलं की आडवी, उजवीकडे की उभी. वॉर्डातले तक्ते मी पुढे खूप भरले, त्या फळीइतका नेमका एकही नव्हता. बाबांना नऊ वर्षांत एकही जखम झाली नाही. कूस बदलताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघा. लाल डाग बोटानं दाबल्यावर पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली आहे. त्या जागेवर भार देऊ नका आणि ती चोळू नका. चादरीला सुरकुती नको, ओल नको.

लुळा हात उशीवर ठेवा, लटकता ठेवू नका. उठवताना तो हात किंवा काख धरून कधीच ओढू नका. खांदा निसटतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो. धरायचं ते पाठीमागून, कमरेला. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. खुर्चीत बसवायचं असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला ठेवा.

भरवण्याआधी माणूस पूर्ण जागा आहे ना, ताठ बसलाय ना, हे बघा. दवाखान्यात गिळण्याची तपासणी झाली नसेल तर घरी प्रयोग नको. भरवताना हनुवटी थोडी छातीकडे, चमचा छोटा, घास चांगल्या बाजूला, पहिला उतरल्याशिवाय दुसरा नाही. बऱ्याच पेशंटना सगळ्यांत अवघड जातं ते पातळ पाणी. घट्ट वरणात मऊ कुस्करलेली भाकर, गुरगुट्या भात, घट्ट आंबील चालते. फुटाणे, चिवडा, कोरडा झुणका, आणि पातळ वरणात पोहणारा भात नको. खाताना खोकला आला, आवाज ओला झाला, डोळ्यांत पाणी आलं की थांबा आणि डॉक्टरला सांगा. जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा, मग गालात अडकलेलं अन्न बोटाला फडकं गुंडाळून काढा. नाकात नळी असेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवून पातळ अन्न हळूहळू सोडा, प्रत्येक वेळी नंतर पाणी घाला. नळीवरची खूण सरकलेली दिसली तर काही घालू नका.

तेल हलक्या हातानं लावायला हरकत नाही, माणसाला बरं वाटतं. मात्र लुळ्या बाजूला तापल्या विटेचा शेक नको. तिथं चटका कळत नाही आणि फोड येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली तर चोळू नका. आत गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाते. तसाच दवाखान्यात न्या.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि दिवसातून तीन-चार वेळा करा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, पण पुढेही ती होत राहते. हात थोडा हलायला लागला की त्याला खरं काम द्या. तुरीच्या शेंगा सोलणं, कापसातली सरकी काढणं, हरभऱ्याचे दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकणं. नुसता हात वर-खाली करण्यापेक्षा कामाचा व्यायाम जास्त लागतो, आणि माणसाला आपण घरात उपयोगी आहोत असं वाटतं.

बोलणं गेलं म्हणजे अक्कल गेली असं नाही. ओरडून बोलू नका, तो बहिरा नाही. "भाकर पाहिजे का?" असं हो-नाहीत उत्तर येईल ते विचारा, वस्तू दाखवा, उत्तराला वेळ द्या. एक शब्द न बोलणारी माणसं कधीकधी रोजची आरती सुरात म्हणतात. सांजवातीला त्यांना सोबत घ्या. लकव्यानंतर तीनातल्या एकाला नैराश्य येतं. रडणं, जेवण टाकणं, व्यायामाला नकार, याला हट्ट म्हणू नका. यावर औषध आहे. आणि एकट्या बायकोवर किंवा सुनेवर हे सगळं टाकू नका. कूस बदलणं, अंग पुसणं मुलांनाही येतं, ते पाळीपाळीनं करा.

दुसरा लकवा येऊ नये म्हणून

बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे पुन्हा वॉर्डात येतात. ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं. १३०/८० च्या खाली ठेवायचं असा बहुतेकांना सल्ला असतो. गुठळीच्या लकव्यात ॲस्पिरिन किंवा तसं औषध आणि कोलेस्टेरॉलची गोळी लागते. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा झडपेचा आजार असेल तर रक्त पातळ करायचं वेगळं औषध असतं, त्याची रक्ततपासणी चुकवू नका. खर्रा बंद, बिडी बंद. कमी करून भागत नाही. मीठ दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

पुन्हा तोंड वाकडं झालं, झटका आला, गुंगी वाढली, ताप आणि खोकला आला तर परत तेच, घड्याळ आणि १०८. अपंगत्व राहिलंच तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, एसटीच्या सवलतीपासून निराधार योजनेपर्यंत ते लागतं. आणि आशाताई पेशंटचं बीपी बघायला आल्या की तिशीच्या पुढच्या सगळ्यांना त्याच ओसरीवर बसवून प्रत्येकाचं मोजून घ्या. आमच्या घरी त्या दिवशी काकांचं १८०/११० निघालं होतं.